शिक्का लावणारे अनेक, काढणारा कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये कर्तव्य भवनाच्या पहिल्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि रायसीना टेकडीवरील जुन्या दालनांतून मंत्रालयांचे स्थलांतर सुरू झाले. फायलींचे स्थलांतर मात्र त्याआधीच झाले होते. लाल फितीतील गठ्ठे ई-ऑफिसच्या पडद्यावर गेले, आणि २०१४ पासून 'मेघराज' या नावाने सरकारने स्वतःची क्लाउड व्यवस्था उभी केली. कागदाचे रूप बदलले, तसे त्यावरील 'गोपनीय' या शिक्क्याचेही रूप बदलू लागले आहे. हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला, तरी मुळात तो राजकीय आहे.

अतिगुप्त, गुप्त, गोपनीय आणि निर्बंधित ही चार पायऱ्यांची उतरंड केंद्रीय सेवेतील प्रत्येकाला ठाऊक आहे. कागदाच्या जमान्यात हा शिक्का केवळ इशारा होता. झेरॉक्स यंत्राला तो वाचता येत नसे. जानेवारी १९८५ मध्ये पंतप्रधान कार्यालयापर्यंत पोहोचलेले हेरगिरी प्रकरण उघड झाले आणि प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांना पद सोडावे लागले. हेच अलेक्झांडर पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये शास्त्री भवनातील पेट्रोलियम मंत्रालयाची कागदपत्रे फुटल्याप्रकरणी दिल्ली पोलिसांनी अनेकांना अटक केली. तीस वर्षांच्या अंतराने तीच दुर्बलता पुन्हा दिसली.

क्लाउडवरील संवेदनशीलतेचे लेबल हा या दुर्बलतेवरचा उपाय आहे. हे लेबल फाइलीच्या अंगातच नोंदले जाते आणि फाइल जाईल तेथे तिच्यासोबत जाते. दस्तऐवज कोणी उघडावा, कोणी बदलावा, कोणी छापावा, कोणी पुढे धाडावा, हे त्यावरून ठरविता येते. लेबलासोबत कूटबद्धीकरण लावलेले असेल, तर ज्याला अधिकार नाही त्याच्या हाती फाइल पडली, तरी कूटबद्ध मजकुरापलीकडे त्याला काही दिसत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जून २०२२ मध्ये, सरकारी मजकूर गूगल ड्राइव्ह वा ड्रॉपबॉक्ससारख्या खासगी क्लाउडवर ठेवू नये, असे कर्मचाऱ्यांना बजावले होते. घरी काम संपविण्याच्या घाईत असे नियम सहज मोडले जातात. शिस्त माणसाच्या स्मरणावर न सोडता फाइलीतच बसविणे हे लेबलाचे खरे सामर्थ्य. ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या यंत्रणेत एक कल दडलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत अशी तरतूद आहे की, लेबल काढायचे वा खालच्या पायरीवर आणायचे असेल, तर वापरणाऱ्याकडून कारण लिहून घ्यावे. लेबल वर चढविताना मात्र ते कारण मागितले जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे रास्त असले, तरी नोकरशाहीच्या स्वभावाशी त्याची गाठ पडली की परिणाम वेगळा होतो. 'गोपनीय' लिहिल्याबद्दल अवर सचिवाला सहसा कोणी जाब विचारीत नाही. न लिहिता कागद फुटला, तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. अशा वेळी सावध अधिकारी वरचेच लेबल निवडणार.

येथे माहिती अधिकाराचा संबंध येतो. २००५ च्या कायद्याने शिक्क्याला नकाराचे कारण मानलेले नाही. कलम ८ मधील अपवादांत माहिती बसते काय, हे पाहावे लागते. बसली तरी लोकहित मोठे असल्यास ती देता येते. कलम १० तर फाइलीतील संरक्षित भाग वगळून उरलेला द्यावा, असे सांगते. लेबल मात्र बहुधा संपूर्ण फाइलीला लागते. त्यात आधार वा पॅन क्रमांक आढळताच आपोआप लेबल लावण्याची सोयही अशा प्रणालींत असते. योजनेच्या लाभार्थींची यादी एका क्रमांकापायी संपूर्ण बंद होऊ शकते. नोव्हेंबर २०२५ पासून, व्यक्तिगत माहितीबाबतचा कलम ८(१)(ञ) मधील अपवाद अधिक सरसकट झाला आहे. त्यामुळे ही भीती अनाठायी नाही.

संसदेतील एक जुना दाखला येथे बोलका ठरावा. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने उघड केला नाही. तथापि २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत निवेदन केले आणि प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वव्यवस्था यांबाबतचे निष्कर्ष सभागृहापुढे ठेवले. काय झाकायचे आणि काय सांगायचे, याचा विवेक तेथे माणसाने केला. त्याच अहवालावरचा शिक्का सहा दशके उलटूनही सरकारने काढलेला नाही, ही दुसरी बाजू. २०१० मध्ये ए. के. अँटनी यांनी त्याचे लष्करी महत्त्व आजही कायम असल्याचे संसदेत सांगितले होते. शिक्क्याला मुदत नसली की असे होते.

मुदतीचा नियम मात्र आपल्याकडे आहे. सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ नुसार वर्गीकृत अभिलेखांचा दर पाच वर्षांनी फेरविचार व्हावयाचा असतो. कपाटातील हजारो फायलींबाबत तो झाला नाही, तर मनुष्यबळाची सबब पुढे करता येत असे. क्लाउडवर ती सबब उरत नाही. कोणत्या फाइलीवर कोणते लेबल, कोणी, केव्हा लावले, याची नोंद यंत्राकडे ठेवता येते. पाच वर्षे पूर्ण होताच संबंधित अधिकाऱ्याला स्मरणपत्रही धाडता येते.

म्हणून लेबलांची व्यवस्था सर्वदूर नेण्याआधी सरकारने तीन गोष्टी ठरवाव्यात. लेबल चढवितानाही एका ओळीचे कारण लिहिणे बंधनकारक असावे. प्रत्येक लेबलावर फेरविचाराची तारीख असावी. आणि लेबल हे माहिती नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे लेखी आदेशाने स्पष्ट करावे. कोणत्या श्रेणीच्या किती फायली आहेत, ही संख्या दरवर्षी संसदेपुढे ठेवल्यास कोणतेही गुपित फुटणार नाही.

देशाची गुपिते सुरक्षित राहिलीच पाहिजेत. परंतु कुलूप जितके मजबूत, तितका त्याच्या किल्लीचा हिशेब चोख हवा. दिल्लीत फायली हाताळणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांनी पुढचे लेबल निवडताना एवढे आठवावे, की हे कुलूप सरकारने लावले असले, तरी आतला कागद जनतेचा आहे.