खाली उतरा : दादरमधल्या रहिवाशांना तातडीचं आवाहन



गणपती महिनाभरावर आले. तिथून दिवाळीपर्यंतचे दिवस म्हणजे रानडे रोड, छबिलदासची गल्ली, डिसिल्वा रोड आणि गोखले रोड इथल्या छोट्या दुकानदारांची वर्षाची बेगमी. यंदा या दिवसांत आपण खरेदी कुठे करतो आणि खातो कुठे, यावर त्यांतली किती दुकानं पुढे टिकतील हे बरंचसं ठरणार आहे. घाबरवायचं म्हणून हे म्हणत नाही. यामागे सरळ व्यवहार आहे, तो आधी सांगते.

दादर-माहीम पट्ट्यातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. त्यांच्या तळमजल्यावर पागडीच्या गाळ्यांत किराणावाला, शिंपी, फरसाणवाला अशी माणसं दोन-दोन पिढ्या बसलेली आहेत. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम, म्हणजे ज्याला सगळे ‘तेहतीस सात’ म्हणतात तो, राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांची हमी देतो. दुकानाला मात्र आहे तेवढीच जागा परत मिळते. ऐंशी फुटांचा गाळा असेल तर नव्या टॉवरमध्येही ऐंशीच. मधली काही वर्षं बिल्डरकडून भाडं मिळतं, गिऱ्हाईक मिळत नाही. परत आल्यावर लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक यांच्या खर्चाचा वाटा डोक्यावर बसतो. करारावर सही करायची वेळ येते तेव्हा घरात एकच प्रश्न निघतो : दुकान पुन्हा चालवायचं, की गाळा एटीएमला नाहीतर मोबाइलवाल्याला भाड्याने देऊन मोकळं व्हायचं? उत्तर शोधताना दुकानदार गल्ला बघतो. आणि गल्ला सध्या फारसं धीर देणारं काही सांगत नाही.

कारण कोणत्याही नव्या इमारतीच्या फाटकाशी संध्याकाळी सातला उभं राहून पाहा. स्कूटरची रांग असते. पिशव्यांत कोथिंबीर, मिरच्या, दही, एखादं ब्रेडचं पाकीट. हे सगळं फाटकापासून दीडशे पावलांवर मिळतं, बहुधा जास्त ताजं मिळतं. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. घरात आजारी माणूस असेल, मूल एकटं असेल, पाऊस कोसळत असेल, तर जरूर मागवा. पण रोजची मेथीची जुडीसुद्धा विसाव्या मजल्यावर लिफ्टने येत असेल, तर दादरच्या पत्त्यासाठी आपण एवढे पैसे मोजले तरी कशासाठी? फ्लॅटच्या जाहिरातीत शिवाजी पार्क, बाजार आणि नाट्यगृह ‘पायी अंतरावर’ असल्याचं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते अंतर पायी जाणारं कोणी उरलं नाही, तर जाहिरातीतलं ते वाक्य काही वर्षांनी खोटं पडेल.

खाण्याचं आधी बोलू, कारण तिथे पटायला सोपं आहे. मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. मुंबईच्या वडापावची गोष्ट अशोक वैद्यांच्या दादर स्टेशनबाहेरच्या गाडीपासून, १९६६ पासून सांगतात. ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. ‘प्रकाश’चा साबुदाणावडा आणि पीयूष, मासे खायचे तर ‘चैतन्य’, ‘सिंधुदुर्ग’, ‘गोमांतक’. ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत आणि खरं सांगायचं तर त्यांना माझ्या आवाहनाची गरज नाही. रविवारी दाराबाहेर लागणारी रांगच पुरेशी आहे. एवढंच सुचवते की रविवारी जाऊन गर्दीवर वैतागण्यापेक्षा मंगळवारी दुपारी चार वाजता जा. आणि मिसळ घरी मागवू नका. डब्यातून येईपर्यंत फरसाण कटात विरघळतं आणि साबुदाणावड्याचं वाफेने चामडं होतं. शिवाय मागवलेल्या पदार्थाच्या किमतीतला मोठा तुकडा कमिशनपोटी हॉटेलवाल्याच्या हातून जातो.

आवाहन आहे ते ज्यांची नावं कुठल्या यादीत येत नाहीत त्यांच्यासाठी. गल्लीबोळातली पोळीभाजी केंद्रं, एका खोलीत भाजणी दळून चकल्या तळणाऱ्या बायका, आठ दिवस आधी सांगितलं तर उकडीचे मोदक करून देणाऱ्या काकू, डिंकाचे लाडू मापात विकणारं छोटं दुकान. या धंद्यांत शिल्लक अशी नसतेच. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर पन्नास घरांकडून आली की वर्ष निघतं, वीस घरांकडून आली की पुढच्या वर्षी भट्टी पेटत नाही. तुमच्या कंपनीने भेट म्हणून दिलेला चकचकीत डबा घरात आलाच असेल तर असू द्या. पण घरचा म्हणून जो फराळ मांडाल तो इथून घ्या, आणि आत्ताच सांगून ठेवा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विचारलंत तर त्यांनी भाजणी किती करायची हे ठरून गेलेलं असतं.

बाजाराचंही तसंच. श्रावणात पालघर, वसई, विरारकडच्या बायका पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन दादरला उतरतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. गणपतीच्या आधी त्यांच्याच टोपल्यांत पत्री, तेरडा, केवडा, हरतालिकेचं सामान असतं. यातलं फारच थोडं मोबाइलवर मिळतं आणि जे मिळतं त्याच्याबरोबर ‘पाला आधी मिठाच्या पाण्यात टाक, मग चिर’ असं सांगणारं कोणी येत नाही. रानभाजीच्या वाट्यासाठी दहा रुपये कमी करून घेण्याची सवय असेल तर तेवढी सोडा, ही विनंती. त्याच सामानाची थैली आपण मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने उचलतो.

ब्लाउज शिवणारे, फॉल-पिको करणारे, साडीला रफू करणारे, पितळी भांड्यांना कल्हई लावून आणून देणारे, छत्रीची काडी बदलणारे यांचं तर विचारूच नका. हे लोक एकदा उठले की त्यांच्या जागी दुसरं कोणी बसत नाही.

आता थोडं कडू. बाजार नुसता गिऱ्हाइकाच्या उदासीनतेने मरत नाही, तो तक्रारींनीही मरतो. सेनापती बापट मार्गावरचा मासळी बाजार २०२१ मध्ये हटवला गेला. तिथल्या व्यापाऱ्यांना आणि कोळणींना ऐरोली आणि मरोळकडचा रस्ता दाखवण्यात आला. ट्रकांची गर्दी, सांडपाणी, वास या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण स्वच्छता करून घेणं आणि बाजारच उचलणं यांत फरक आहे, आणि मासे स्वस्त मिळत होते ते तिथेच, हे नंतर अनेकांना कळलं. सिटीलाइटजवळचा गोपी टँक मंडईतला मासळी बाजार अजून आहे. तिथे जात चला. कोळणीशी ओळख व्हायला दोन-तीन खेपा लागतात, एकदा झाली की बोंबील ताजा नसेल तर ती स्वतःच ‘आज नको’ म्हणते.

फेरीवाल्यांबद्दलही स्पष्ट बोलते. पदपथ अडवून बसणं मला मान्य नाही. २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं, ते योग्यच होतं. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा हेही सांगतो की विक्रेत्यांना हक्काची, ठरवून दिलेली जागा मिळाली पाहिजे आणि त्यासाठीच्या शहर समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत. आपल्या सोसायटीचं पत्र वॉर्ड ऑफिसला जातं तेव्हा त्यात फक्त ‘हटवा’ असतं. यापुढच्या पत्रात ‘जागा आखून द्या’ एवढी ओळ घाला.

कार्यक्रमांच्या बाबतीत दादरकराला खरं तर निवड करता येत नाही इतकं हाताशी आहे. शिवाजी मंदिर १९६५ पासून उभं आहे, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आहे, सावरकर स्मारकात काही ना काही चालू असतं. मराठी प्रायोगिक रंगभूमी ज्या छबिलदास शाळेच्या सभागृहात वाढली ती शाळा स्टेशनपासून चार मिनिटांवर आहे, आणि त्याच गल्लीत ‘आयडियल’मध्ये पुस्तकं उभ्याने चाळता येतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, दादर पूर्वेला आहे. नव्या इमारतींतल्या किती घरांत त्याचं सभासदत्व आहे ते एकदा लिफ्टमध्ये विचारून पाहा. शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिराच्या मैदानावर पोरं-पोरी मल्लखांबावर चढताना दिसतात. तिथल्या उदय देशपांड्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. महागड्या जिमचं वार्षिक शुल्क भरण्याआधी मुलांना एक संध्याकाळ तिथे नेऊन आणा.

नाटकाच्या तिकिटासाठी वेगळी विनंती आहे. दादरचा प्रयोग हा निर्मात्याचा अंदाज घेण्याचा प्रयोग असतो. इथे पहिल्या दहा रांगांच्या मागे अंधार दिसला की पुढचे दौरे आखताना हात आखडतो. तेव्हा ‘बघू कधीतरी’ म्हणू नका. महिन्यातून एक नाटक, तिकीट काढून, पासावर नाही.

आणि ६ डिसेंबर. हा विषय सोसायट्यांच्या बैठकीत कुजबुजत काढला जातो, म्हणून इथे मोठ्याने काढते. चैत्यभूमीला लाखो माणसं येतात त्या दिवशी पार्कच्या आसपासची कित्येक घरं कुलूप लावून लोणावळ्याला जातात किंवा खिडक्या बंद करून बसतात. त्या दिवशी शिवाजी पार्कात भरतो तसा पुस्तकांचा बाजार या शहरात क्वचितच भरतो. बाबासाहेबांचे ग्रंथ, फुले, बुद्ध, कायदा, कविता, दिनदर्शिका. खेड्यापाड्यातून आलेली माणसं घरखर्चातून पैसे काढून पुस्तकं विकत घेतात. घराच्या दारात असं काही भरत असताना पाठ फिरवून निघून जाणं मला समजत नाही. यंदा थांबा. खाली या, दोन पुस्तकं घ्या, रांगेतल्या माणसांना सोसायटीच्या नळाचं पाणी द्या.

दुकानदारांनाही चार शब्द, कारण दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. ‘सुट्टे नाहीत’ म्हणून माणूस परत पाठवू नका. यूपीआयने पैसे घेताना दुकानदाराला कमिशन लागत नाही, हे २०२० पासून आहे. फोन नंबर पाटीवर लिहा. जवळच्या इमारतींत सामान पोचवायला एक पोऱ्या ठेवा. आणि ‘घ्यायचं असेल तर घ्या’ हा सूर आता परवडणारा नाही, हे तुमच्या मुलांना तुमच्यापेक्षा लवकर कळलं आहे.

सोसायटीच्या कमिट्यांना मात्र आजच करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. फुलपुडीवाला, कोळीण, इस्त्रीवाला यांना फाटकावर तासभर ताटकळत ठेवू नका, वर्षाचा पास द्या. सूचनाफलकावर जिथे बिल्डरच्या नव्या प्रकल्पाचं पत्रक लागतं तिथे पोळीभाजीवाल्या काकूंचा नंबर लावा. सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद, सत्यनारायणाचा शिरा, दिवाळी स्नेहसंमेलनाचं जेवण परिसरातूनच मागवायचं असा ठराव घ्या. तीनशे घरांची एक इमारत असं ठरवते तेव्हा दोन-चार चुली वर्षभर पेटत्या राहतात.

वेळ कमी आहे, म्हणून शेवटची विनंती नेमकी करते. ज्यांच्या इमारतीचे पुनर्विकासाचे करार या वर्षी व्हायचे आहेत, त्यांनी पुढच्या सभेआधी तळमजल्यावरच्या प्रत्येक गाळेधारकाला जाऊन भेटावं. ‘परत येऊन दुकान चालवणार का, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवं?’ एवढं विचारावं. देखभाल खर्चात पहिली काही वर्षं सवलत, रस्त्याच्या बाजूला दर्शनी पाटी, मधल्या काळात बसायला जवळपास जागा, यातलं जे जमण्यासारखं असेल ते करारात लिहून घ्यावं. सह्या झाल्यावर यातलं काहीही वाढवता येत नाही.