लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅटला लगेच ‘हो’ म्हणू नका



लॅपटॉप चालू होत नाही म्हणून रिपेअरिंगवाल्याकडे नेला की बऱ्याचदा पहिलं वाक्य ऐकू येतं, “फॉरमॅट मारावा लागेल.” गिऱ्हाईक समोर उभं असतं, बिलं अडकलेली असतात, आपण पटकन मान हलवतो. माझं मत स्पष्ट आहे: डेटा हातात आल्याशिवाय फॉरमॅटला होकार द्यायचा नाही.

हिशोब करून बघा. लॅपटॉप चाळीस हजारांचा. त्यात उधारी किती लोकांकडे आहे? स्टॉक, खरेदीची बिलं, जीएसटीचा हिशोब? मशीन उद्या नवीन मिळेल, उधारीची यादी कुठल्या दुकानात मिळणार? त्यात महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी. ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के व्याज. लॅपटॉप बंद होता, हे कारण तिथे चालत नाही.

मग आधी काय करायचं? चार्जर, पेनड्राइव्ह, प्रिंटर सगळं काढा. पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. लाइट लागते, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच? एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून बघा. तिथे चित्र आलं तर बिघाड बहुतेक डिस्प्लेचा आहे, डेटा जागेवर आहे.

लोगो येऊन अडकत असेल तर लोगो दिसताच बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच रिपेअरची स्क्रीन दाखवतं. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ वापरा. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ वापरा. ‘रीसेट’ला मात्र हात लावू नका. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर उडतात. आणि हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, लगेच थांबा.

रिपेअरिंगवाल्याला एकच सांगायचं: “भाऊ, आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, डेटा कॉपी करून द्या, मग काय ते करा.” आता तुम्ही म्हणाल, तो जास्त पैसे घेईल. घेऊ द्या ना! ती त्याची मेहनत आहे.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर चालू असतं. म्हणजे डिस्कला कुलूप, आणि त्याची किल्ली ४८ आकडी. ती साधारणपणे मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. पण हे अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडलंय? विकणाऱ्या दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर उघडलं असेल, तर तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्याकडे आहे! डिस्क एकदम ठणठणीत असली तरी किल्लीशिवाय आत जाता येणार नाही.

म्हणून आजच, लॅपटॉप चालू असतानाच, तीन कामं करा. अकाउंट स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि किल्ली कागदावर लिहून घरी ठेवा. रोज दुकान बंद करताना हिशोबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, एक कॉपी गुगल ड्राइव्हवर टाका. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअप असून नसल्यासारखाच.

आपण गल्ल्याला कुलूप लावल्याशिवाय घरी जात नाही. मग ज्या डब्यात सगळी उधारी आहे, त्याच्यासाठी रोजची पाच मिनिटं जड का व्हावीत?