विंचू, चिठ्ठी आणि आमची सही

गेली अकरा वर्षे मधुमेह आमच्या घरी ठाण मांडून बसला आहे. त्याच्याशी माझे बरे जमले होते. पण श्रावणात आमच्या डॉक्टरांनी मराठीत छापलेला बारा पानांचा एक कागद माझ्या हाती ठेवला. साखरेवरच्या एका नव्या औषधाची चाचणी आहे, तुम्ही त्यात बसता, घरी नेऊन वाचा आणि मग सांगा, म्हणाले.

घरी आमच्या हिने तो कागद चिमटीत धरला. “अहो, जगातले उंदीर संपले का?”

त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. कागद कपाटात गेला आणि कोजागरीला आम्ही हिच्या मावशीकडे हिरकणीवाडीला गेलो.

हिरकणीवाडी म्हणजे रायगडाचा पायथा. रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसायला मंडळी तिथेच उतरतात आणि पाळणा वर जाताना हिरकणीचा कडा एकमेकांना दाखवतात. तान्ह्या लेकरासाठी रात्री तो कडा उतरून आलेल्या गवळणीची कथा कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही! मावशींच्या अंगणात दूध आटत होते. मी चांदणे पाहायला म्हणून चपलेत पाय घालणार, तोच मावशी ओरडल्या, “जावईबापू, आधी झटका ती!”

मग गोष्ट विंचवावर आली. मावशी लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांच्या धाकट्या दिराला भातकापणीत लाल विंचू चावला. मांत्रिक झाला, पाला बांधून झाला. पोराला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, पहाटे तोंडाला फेस आला आणि सगळे संपले. “आणि आता?” मी विचारले. मावशींनी पायरीवर मोबाइल खेळत बसलेल्या नातवाकडे बोट केले. त्यालाही चार वर्षांपूर्वी चावला. रात्रीच जीपमध्ये घालून महाडला नेला. गोळी दिली, सलाईनमधून लस दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी मागू लागला.

दीर आणि नातू यांच्यामध्ये काय घडले, ते मला थोडे ठाऊक होते. १९७० नंतरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. लाल विंचवाच्या विषाने माणूस नेमका कशाने मरतो, हे ते रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून पाहत राहिले. विष शरीरातल्या मज्जातंतूंना असे पेटवते की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. तोंडाला येणारा फेस तो हाच. त्यावर त्यांनी रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. तिचे नाव प्राझोसिन. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकात त्याची हकीकत छापून आली. पूर्वी विष अंगात भिनलेल्या शंभरांतले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण या गोळीनंतर फारच खाली आले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्या रात्री आठवली ती पुढची गोष्ट. गोळी तर लागू पडते. तिच्या जोडीला मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवाची प्रतिविष लस दिली, तर रोगी लवकर उठतो का? डॉक्टरमंडळींत त्यावर मतभेद होते, आणि मतभेद वाद घालून मिटत नाहीत. तेव्हा डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात सत्तर रोगी घेऊन चाचणी केली. पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि लस. कोणाला काय, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. सहा महिन्यांहून मोठ्या बाळांनाही त्यात घेता येत होते! दहा तासांत लसवाल्या पस्तिसांतले बत्तीस पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवाल्यांतले आठ. बरे व्हायला सरासरी एका गटाला आठ तास लागले, दुसऱ्याला जवळजवळ अठरा. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे छापले.

“म्हणजे उरलेल्या पस्तिसांना फसवलेच की!” ही म्हणाली.

तेच मला सांगायचे होते. त्यांनाही गोळी मिळालीच होती, म्हणजे तोवर ज्ञात असलेला चांगला इलाज. रिकाम्या हाती कोणाला ठेवले नव्हते. आणि लस अधिक बरी, हे त्या दिवशी कोणालाच पक्के माहीत नव्हते; माहीत असते तर चिठ्ठी कशाला टाकली असती?

हिने उत्तर दिले नाही. पण घरी परतल्यावर कपाटातून कागद तिनेच काढला.

मग आम्ही रीतसर चौकशीला लागलो. औषधांच्या चाचण्यांची नोंदवही भारत सरकारने २००७ सालापासून ठेवली आहे आणि २००९ पासून तीत नोंद सक्तीची आहे. संगणकावर ती कोणालाही फुकट उघडता येते. रोगाचे नाव घाला, गावाचे घाला. कोणती चाचणी कुठे चालू आहे, कोण डॉक्टर आहेत, नैतिकता समितीची मंजुरी आहे की नाही, सारे दिसते. मुलाने दोन मिनिटांत आमची चाचणी शोधून दिली. जी तिथे सापडत नाही, तिच्या वाटेला जाऊ नये, आणि चाचणीच्या औषधाचे कोणी पैसे मागू लागला तर चप्पल घालून बाहेर पडावे. (झटकून.)

२०१९ चे नियमही वाचले. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई वेगळी. मधूनच ‘नको’ म्हणण्याची मुभा आहे आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. हे सारे सुचायला जगाला फार वर्षे लागली. हाफकिनसाहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हा त्यांचा मोठेपणा. पुढे ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना त्यांच्या राजीखुशीने टोचली, असे म्हणतात; पण तुरुंगातली राजीखुशी ती कितपत खरी असायची!

गेल्या मंगळवारी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. हिच्या वहीत सात प्रश्न होते. खोटी गोळी वाट्याला आली तर माझी रोजची औषधे चालू राहतील का, रात्री अपरात्री चक्कर आली तर कोणाला फोन करायचा, रक्त किती वेळा काढणार, असे सहा. त्यांची उत्तरे डॉक्टरांनी न कंटाळता दिली. सातव्याला मात्र ते थांबले. “आणि ह्यांना त्या औषधाने गुण आला, तर चाचणी संपल्यावर ते मिळेल का?”

“हे मी कंपनीला लेखी विचारून सांगतो,” डॉक्टर म्हणाले.

उत्तर अजून यायचे आहे. कागद फडताळात फराळाच्या डब्यांशेजारी आहे, आणि डब्याची किल्ली हिच्याकडे.