पहिली गोधडी लहानच घ्या



घरात पहिला पगार आला, बाजारचे ब्लँकेट आले आणि आजीची गोधडी माळ्यावर गेली. यात कोणाचा दोष नाही. चिंध्या पांघरणे ही तेव्हा आवड नव्हती, नाइलाज होता. पण नाइलाजाबरोबर हातातले कसबही जाऊ लागले आहे. त्या गरिबीची आठवण नकोशी वाटेल; कसबाची लाज कशाला? भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवतात. मगधातील शेतांची मांडणी पाहून आनंदाने, बुद्धांच्या सांगण्यावरून, त्याची आखणी केली, असे विनयपिटकात आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, शिका. पण पहिल्याच वेळी मोठी वाकळ अंगावर घेऊ नका. बाळाची ३ फूट लांब, अडीच फूट रुंद गोधडी घ्या.

कापड सुतीच हवे. नायलॉन घसरते, घाम टिपत नाही. जुनी लुगडी, धोतरे, सदरे धुऊन कडक उन्हात वाळवा. विरलेला भाग आत घालायला ठेवा, धड भागातून ७ इंचांचे ३० चौकोन कापा. अर्धा इंच शिलाईत धरून सहा-सहा चौकोनांच्या पाच पट्ट्या जोडा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. झाला वरचा थर. खाली तेवढेच अखंड कापड, मध्ये जुन्या लुगड्याचे दोन थर. चारापेक्षा जास्त थर नकोत. नवख्या हाताला सुई ओढवत नाही.

जमीन झाडून थर पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. सुरकुत्या हाताने काढून मधून कडेकडे लांब कच्चे टाके घाला. हा कंटाळा केला तर गोधडी हमखास वाकडी होते. मग कडा अर्धा इंच आत दुमडून धावदोरा सुरू करा. कडेपासून चारी बाजूंनी फिरत मध्यावर यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. दोन ओळींत एका बोटाचे अंतर ठेवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या आत लपवा. अधूनमधून उलटून बघा, टाका खालपर्यंत गेला पाहिजे. शेवटी कच्चे टाके उसवा.

टाके लहानमोठे पडतील. पडू द्या. ऊब त्याने कमी होत नाही, आणि दुसऱ्या गोधडीत हात आपोआप बसतो.

एक काम मात्र पहिल्या दिवसापासून करा. आज किती तास शिवले, ते वहीत लिहा. आज शहरांतल्या दुकानांत हातशिलाईच्या गोधड्या मांडलेल्या असतात. उद्या तुमच्याकडेही कोणी शिवून मागेल आणि ‘चिंध्या तर घरच्याच, पैसे कसले?’ असे म्हणेल. तेव्हा वही पुढे करा. कापड फुकटचे असेल, तुमचे तास फुकटचे नाहीत. दिवसाची मजुरी धरून हिशेब करा आणि तोच भाव सांगा.

आणि शेजारी गोधडी शिवणारी एखादी म्हातारी असेल, तर या रविवारीच सुईदोरा घेऊन तिच्याजवळ बसा. मुलींबरोबर मुलांनाही बसवा. तिच्या बोटांत जे आहे, ते तिने कुठे लिहून ठेवलेले नाही.