टीडीएस मीटरला न दिसणारे

भिंगार काय नि नगर काय, आरओ विकणारा खिशातून टीडीएस मीटर काढतो, आकडा उतरला की पाणी शुद्ध! हा मीटर विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देतो. बेंझिन, टोल्युइन यांसारखी द्रावके त्याला दिसतच नाहीत. आरओचे पटल क्षार उत्तम अडवते. क्लोरोफॉर्मसारखे लहान रेणू मात्र बऱ्याच अंशी निसटतात.

या द्रावकांसाठी पटल उलट्या चालीचे हवे. सिलिकॉन रबराच्या पातळ पटलात सेंद्रिय रेणू सहज विरघळतात, पाणी जेमतेम. पटलापलीकडे निर्वात पोकळी ठेवली की द्रावकाची वाफ होऊन निघते. ती थंड करून गोळा करता येते, पुन्हा वापरताही येते. न उडणाऱ्या कीटकनाशकांपुढे मात्र ही युक्ती लंगडी पडते. तिथे सक्रिय कोळसा किंवा नॅनोफिल्ट्रेशनच बरे.

सिलिकॉन पटलाचे हे यंत्र स्वयंपाकघरातले नव्हे. त्याची जागा द्रावके वापरणाऱ्या कारखान्यात, सांडपाणी इतर पाण्यात मिसळण्याआधी. एकदा ते पातळ झाले की खर्च वाढतो. अशी द्रावके नाल्यात गेली तर टीडीएस मीटरला कळणारही नाही, आणि भिंगार नाला पुढे सीना नदीला मिळतो. म्हणून नाल्याकाठच्या कूपनलिकांची क्षारांपलीकडची, गॅस क्रोमॅटोग्राफीची तपासणी कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने करावी, आणि अहवाल लोकांसमोर मराठीत लावावा.