एक दिवसाच्या पिल्लांना टपालाची वाट द्या

मा. संपादक,


बीड जिल्ह्यातल्या एखाद्या बाईला गिरीराज किंवा वनराजा जातीची पंचवीस-पन्नास पिल्ले पाळायची असतील, तर ती जिवंत गावापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेणारे कुणीच नाही. ही जबाबदारी टपाल खात्याने घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मोठ्या कंपन्यांचे अडत नाही. करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याच्या शेडवर कंपनीची गाडी येते आणि हजारो पिल्ले उतरवून जाते. अडचण आहे ती परसातल्या कोंबड्यांची. पन्नास पिल्लांसाठी कोण गाडी पाठवणार? मग खोका ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत जातो, नाही तर ओळखीच्या वाहकाच्या भरवशावर एसटीत. आमच्या महिला बचत गटाचा एक खोका असाच डिक्कीतून आला. त्यावर कुणाच्या तरी गोण्या रचलेल्या होत्या आणि आतली बरीच पिल्ले गुदमरून मेलेली होती. बसवाल्याने हात वर केले, पाठवणाऱ्याने बसवाल्याकडे बोट दाखवले. पावतीच नव्हती, तर भरपाई कुणाकडे मागायची? एवढा धोका ज्यांना पेलत नाही, त्या बायका आठवडी बाजारात रंगवलेली गुलाबी-हिरवी पिल्ले घेतात. ती बहुतेक लेअर जातीचे नर असतात. अंडी तर मिळत नाहीतच, लसीचाही पत्ता नसतो, आणि मानमोडी आली की घरच्या कोंबड्याही जातात.

खरे तर एक दिवसाचे पिल्लू प्रवासाला तयार होऊनच जन्माला येते. एकविसाव्या दिवशी कवच फोडण्याआधी अंड्यातला उरलेला बलक ते पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दाणा-पाण्यावाचून दोन दिवस, कधी तीन दिवसही तग धरते. त्याला मारतात ते ऊन, गारठा आणि कोंडलेली हवा. अंगाची ऊब सांभाळण्याची ताकद पहिल्या आठवड्यात त्याच्यात नसते, म्हणून तर आपण ब्रूडरखाली पस्तीस अंशांच्या आसपास तापमान ठेवतो. पुठ्ठ्याचा भोकांचा खोका, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एकमेकांच्या उबेला पंचवीस पिल्ले आणि रात्रीचा प्रवास, एवढे जमले तर मरतूक फार थोडी होते.

आणि वाट काही लांबची नाही. पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथून बीड सुमारे १३० किलोमीटर. वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती ज्या संस्थेने तयार केल्या, ती भारतीय कृषी संशोधन परिषदेची कुक्कुट संशोधन संस्था हैदराबादला आहे आणि तिकडून परळी वैजनाथपर्यंत रेल्वे आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली. रात्री निघालेला खोका सकाळी तालुक्याच्या टपाल कार्यालयात असू शकतो. फोन आला की बाई स्वतः येऊन घेऊन जाईल. पोस्टमनने तो घरोघर न्यावा, असे आमचे म्हणणे नाही.

टपालातून जिवंत जीव कसा पाठवायचा, असे कुणी विचारील. जागतिक टपाल संघाच्या करारात मधमाश्या, जळवा आणि रेशीम किडे टपालाने पाठवण्याला मुभा आहे. रेशमाचे तर बीडकरांना सांगायलाच नको. चॉकीतले (बाल्यावस्थेतले) किडे उन्हाच्या आत, हवेशीर ट्रेमधून कसे आणायचे हे इथल्या तुती लावणाऱ्या शेतकऱ्याला पाठ आहे. पिल्लांसाठीही नियम नव्याने शोधायचे नाहीत. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ मध्ये कोंबड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. पिल्ले उबल्यानंतर साठवून न ठेवता लगेच रवाना करा, खोके ऊन-पावसापासून दूर आणि सपाट ठेवा, त्यांच्यावर व आजूबाजूला दुसरा माल रचू नका, हे सगळे त्यात आहे. डिक्कीतल्या गोण्या नियमात बसत नाहीत, हे यावरून कळावे. १८९८ चा टपाल कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे. सेवांबाबत विनियम करण्याचा अधिकार त्यात टपाल महासंचालकांना आहे. म्हणजे इच्छा असेल तर संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही.

अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले टपालाने जातात. तिथे सारे सुरळीत आहे असे मात्र नाही. २०२० मध्ये तिथली टपालसेवा मंदावली, तेव्हा मेन राज्यातल्या शेतकऱ्यांकडे हजारो पिल्ले मेलेली पोहोचली. २०२५ मध्ये डेलावेअर राज्यात टपालाच्या ट्रकमध्ये सुमारे बारा हजार पिल्ले तशीच पडून राहिली आणि त्यांतली हजारो दगावली. म्हणून नुसती परवानगी आम्हाला नको आहे. रवानगी सोमवार ते बुधवारच व्हावी, म्हणजे खोका रविवारी कुलपात अडकणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, नोंदणी बंद ठेवावी. खोक्याला वेगळ्या रंगाची पट्टी असावी, तो चोवीस तासांत पोहोचवण्याची हमी असावी आणि पिल्ले मेली तर मोजून भरपाई मिळावी. भरपाई खिशातून जायला लागली की खोका कुठे ठेवायचा याची काळजी आपोआप घेतली जाते.

बर्ड फ्लूची भीती खोटी नाही. २००६ मध्ये देशातली पहिली साथ आपल्याच राज्यात, नवापुरात आली. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्या मेल्या आणि आपल्या पाटोदा तालुक्यात मेलेले कावळे सापडले. पण आज दुचाकीवरच्या डालग्यातली पिल्ले कुठून आली आणि कुठे गेली, याची नोंद कुणाकडे आहे? टपालाच्या प्रत्येक खोक्यावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असेल. साथ आलीच तर कोणत्या गावात कोणती पिल्ले गेली, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला तासाभरात कळेल. नोंदणीकृत उबवणी केंद्रालाच पाठवण्याची परवानगी द्यावी, सोबत पशुवैद्यकाचा दाखला आणि मरेक्स रोगाच्या लसीची नोंद सक्तीची करावी. मोठ्या कोंबड्या टपालाने मुळीच नकोत, त्यांना वाटेत पाणी लागते. पोपट-मुनियांसारख्या रानपाखरांचा चोरटा व्यापार या वाटेने शिरू नये, यासाठीही नोंदणीकृत केंद्रांची अट ठेवायलाच हवी.

दर तालुक्याला उबवणी यंत्र बसवा, असेही काही जण सुचवतात. जरूर बसवावे. पण ऐन उबवणीत बराच वेळ वीज गेली तर अंडी वाया जातात, आणि चांगल्या वाणाची जनक कोंबडी प्रत्येक तालुक्यात पोसणे परवडण्यासारखे नाही. म्हणून पिल्ले बाहेरूनच येणार आहेत.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली गावे ऊसतोडीला रिकामी होतात. मागे राहतात त्या बायका म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांना सांभाळतात. त्यांच्या हातात रोज येणारा पैसा म्हणजे अंड्यांचा. पंधरा-वीस कोंबड्या असल्या की मिठा-मिरचीला, वहीला, दवाखान्याला मुकादमाच्या उचलीकडे पाहावे लागत नाही. शासनाची शंभर पिल्लांची निम्म्या अनुदानाची योजनाही आहे. पण पिल्ले वाटेतच मेली, तर त्या अनुदानाचा काय उपयोग?

टपाल खात्याच्या छत्रपती संभाजीनगर विभागाने आणि पशुसंवर्धन खात्याने मिळून या हिवाळ्यात बीड, धारूर, पाटोदा आणि आष्टी इथल्या कार्यालयांत हा प्रयोग करून पाहावा. जिल्ह्याच्या खासदारांनी हा विषय लोकसभेत मांडावा. आणि बचत गटातल्या माझ्या बहिणींनो, आपल्याला किती पिल्ले हवीत ते लिहून प्रत्येक गटाने आपल्या टपाल कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

आपली,
महिला बचत गटातील एक कुक्कुटपालक
ता. धारूर, जि. बीड