बारा सतराला सावली गेली कुठं?

मुलांनो, परीक्षा संपत आल्या, आता सुट्टी! मामाच्या गावाला जायची पिशवी भरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या बरं. दुपारी बारा वाजता सूर्य कुठं असतो?

"डोक्यावर!" म्हणालात ना? मीही वर्गात कितीतरी वर्षं हेच सांगत आले. ते चूक आहे. आपल्या नांदेडात वर्षातले ३६३ दिवस सूर्य भरदुपारीसुद्धा बरोबर डोक्यावर येत नाही. डिसेंबरात तर तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की एक मीटर उंचीच्या काठीची दुपारची सावली ९० सेंटिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे जवळजवळ काठीएवढीच! बरोबर माथ्यावर तो येतो वर्षातून फक्त दोनदा. त्या दोन दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गडप होते. या दिवसाला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. नांदेडला तो १६ मे आणि २७ जुलैला येतो, लातूरला १३ मे आणि ३० जुलैला. एखाद्या वर्षी एका दिवसाचा फरक पडतो, तेवढा धरून चला.

हे मला कसं कळलं ते सांगते. त्यात माझी फजिती आहे, पण सांगते.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एका दुर्बिणीची जाहिरात दिसली. '५२५ पट मोठं दाखवणारी', किंमत १८०० रुपये, आणि चित्रात शनीची सुंदर कडी. मुलांना दाखवू म्हणून मी मागवली. आली ती अशी की तिचे तिन्ही पाय लटपटत होते. चंद्र शोधायला अर्धा तास लागायचा. सापडलाच तर त्याच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसायची, आणि कुणाचा धक्का लागला की चंद्र गायब. शनी म्हणजे नुसता थरथरणारा ठिपका.

त्या रात्री दुर्बिणीला डोळा लावायला गल्लीतली मुलं आली होती. त्यांत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ही केवढ्याला पडली?" मी आकडा सांगितला. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी कळलं, तिनं पत्र्याच्या डब्यात ११५० रुपये साठवलेत. राखीचे, दिवाळीचे, पाहुण्यांनी निघताना हातावर ठेवलेले. आणि कशासाठी? तशीच दुर्बीण घ्यायला! तिनंही तीच जाहिरात बघितली होती.

"घेऊ नको," एवढं सांगणं सोपं होतं. पण "मग मी काय बघू?" असं तिनं विचारल्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

(इथं आईबाबांसाठी दोन वाक्यं. दुर्बीण घ्यायचीच असेल तर 'किती पट' हा आकडा बघू नका, पुढच्या भिंगाचा व्यास बघा. आणि पहिली खरेदी म्हणून १० x ५० असं लिहिलेली दोन डोळ्यांची साधी द्विनेत्री खेळण्यातल्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी बरी. त्यातला १० म्हणजे दहा पट आणि ५० म्हणजे भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तीही आधी कुणाकडची तरी डोळ्याला लावून बघा, मगच पैसे मोजा.)

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता शून्य सावलीची माहिती हाती लागली. अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेनं गावोगावच्या तारखा सांगणारं एक अॅपही केलेलं आहे. म्हटलं, चला, सुरुवात शून्य रुपयांपासून करू.

आधी हे होतं कसं ते बघा. एक मोसंबी घ्या आणि तिच्यात आगपेटीच्या दोन काड्या उभ्या टोचा. अंधाऱ्या खोलीत लांबून टॉर्चचा उजेड पाडा. जी काडी सरळ टॉर्चकडं रोखलेली असेल तिची सावली पडणार नाही, दुसरीची पडेल. आता मोसंबी जरा कलवा, म्हणजे बिनसावलीची जागा सरकेल. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळं सूर्य माथ्यावर येण्याची जागा वर्षभर अशीच उत्तर-दक्षिण सरकत राहते. आपल्या लाल एसटीसारखी! १० मेच्या सुमारास ही गाडी सोलापूरला, १३ला लातूर, १६ला नांदेड, २६च्या सुमारास नागपूर. २१ जूनला ती भोपाळच्या जरा वर, कर्कवृत्तावर पोचते आणि तिथून माघारी फिरते. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच थांबे. दिल्लीला मात्र ही गाडी जातच नाही, त्यामुळं दिल्लीच्या मुलांना घरी बसून शून्य सावली कधीच दिसणार नाही. आपल्याला वर्षातून दोनदा दिसते, आणि आपण तेव्हा घरात कूलरसमोर असतो!

यात आणखी एक गंमत आहे. १६ मे ते २७ जुलैच्या मधल्या काळात आपल्याकडं दुपारची सावली दक्षिणेला पडते. एरवी वर्षभर उत्तरेला. २१ जूनला मीटरभर काठीची सात-साडेसात सेंटिमीटर सावली दक्षिणेकडं दिसेल. माझ्या वयाच्या किती माणसांना हे ठाऊक आहे ते विचारून बघा. मला नव्हतं.

गेल्या वर्षी १३ मेला आम्ही पहिला प्रयोग केला. लातूरच्या बाजूला माझी डी.एड.ची मैत्रीण शिकवते. तिला फोन करून सांगितलं, "आज तुझ्याकडं सावली शून्य, माझ्याकडं थोडी उरणार. ती उरलेली मी मोजते." सुट्टी असल्यानं शाळा बंद होती, पण गल्लीतली सात-आठ मुलं जमली. बोअरच्या पाइपचा एक मीटरचा सरळ तुकडा मातीनं भरलेल्या बादलीत उभा केला आणि खाली पांढरा पुठ्ठा ठेवला.

तेवढ्यात त्या मुलीचे वडील तिला शोधत आले. ते गवंडीकाम करतात. भर उन्हात पोरं बघून म्हणाले, "मॅडम, हे स्कॉलरशिपच्या परीक्षेला येतं का?" मी म्हटलं, "नाही येत." खोटं कशाला सांगायचं? ते जायला निघाले, पण पाइपाकडं बघून थबकले. "तुमचा पाइप तिरपा हाय," म्हणाले. मला तर सरळच दिसत होता! त्यांनी सायकलच्या पिशवीतून ओळंबा काढला, दोन बाजूंनी धरला, आणि पाइप केसभर ढकलून ठाक उभा केला. मग पुठ्ठ्यावर पाण्यानं भरलेली थाळी ठेवून जमीनही तपासली.

हे किती महत्त्वाचं होतं ते मला घरी हिशेब करताना समजलं. मीटरभर उंचीचा पाइप फक्त एक अंश कलला, तर त्याची सावली पावणेदोन सेंटिमीटरनं खोटी पडते. आणि आम्हाला मोजायची होती जेमतेम सव्वा सेंटिमीटर! ओळंबा नसता तर आमचा प्रयोग पाण्यात गेला असता. तुमच्याकडं ओळंबा नसेल तर दोऱ्याला दगड बांधा, तेच काम होतं.

बारापासून दर पाच मिनिटांनी आम्ही सावलीच्या टोकावर खूण करत गेलो. बारा सतराच्या सुमारास ती सगळ्यांत आखूड झाली. बारालाच का नाही? कारण आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताप्रमाणं चालतात. सूर्य तिथं आधी पोचतो, मग आपल्याकडं येतो. लातूर नांदेडच्या पश्चिमेला, म्हणून तिथं आणखी तीन मिनिटं उशिरा, बारा वीसला. फोनवर मैत्रीण ओरडली, "गेली गं, गेली!" आमच्याकडं मात्र उत्तरेला इवलीशी सावली उरलीच होती. पट्टी लावली तर दीड सेंटिमीटर.

आता या दीड सेंटिमीटरचं काय करायचं? सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस नावाचा एक ग्रंथपाल होता. सायीन गावात सूर्य माथ्यावर असताना अलेक्झांड्रियात किती सावली पडते, ते त्यानं मोजलं आणि तेवढ्यावरून पृथ्वीचा घेर काढला. आपणही काढू. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर. आपली सावली दीड. ६२८ला दीडनं भागलं की येतात सुमारे ४१९. म्हणजे लातूर ते नांदेड हे उत्तर-दक्षिण अंतर पृथ्वीच्या पूर्ण घेराचा ४१९वा भाग झालं. (एसटीच्या रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही हं! नकाशावर दोन्ही शहरांतून आडव्या रेषा मारा आणि त्यांच्यामधलं अंतर प्रमाणपट्टीनं मोजा. ते साधारण ८३ किलोमीटर भरतं.) ८३ गुणिले ४१९, म्हणजे पावणेपस्तीस हजार किलोमीटर.

खरा घेर आहे चाळीस हजार. मुलं हिरमुसली. पण चूक शोधली तेव्हा तीच जास्त मजेची निघाली. सावली १.३ सेंटिमीटर मोजली असती तर उत्तर चाळीस हजारांवर आलं असतं. दोन मिलिमीटर चुकले आणि पृथ्वी पाच हजार किलोमीटरनं आखडली! चूक का झाली? सूर्य म्हणजे काही टाचणीचं टोक नाही, ती एक थाळी आहे. म्हणून सावलीची कड धूसर असते, आणि मीटरभर पाइपाला तो धूसर पट्टाच नऊ मिलिमीटरचा पडतो. आम्ही पट्टी त्या पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला धरली. तुम्ही मध्यावर धरा.

तीन दिवसांनी, १६ मेला, आमची स्वतःची शून्य सावली. या वेळी मी तयारीत होते. मोबाइल हातात घेतला, फोटो पालकांच्या गटावर टाकायचा होता ना! बारा पंधराला कॅमेरा उघडला. उन्हात पडद्यावर काही दिसेना. उजेड वाढवला, तेवढ्यात कुणाचा तरी संदेश आला, तो सरकवला, पुन्हा कॅमेरा उघडला, चौकट जुळवली... आणि मागून मुलं ओरडली, "मॅडम, गेली की सावली!" मी मान वर केली तेव्हा पाइपाच्या बुडाशी पूर्वेकडं नवी सावली डोकावायला लागली होती. वर्षभर वाट बघितलेलं मिनिट मी चौकटीत घालवलं. सगळ्या मुलांनी ते बघितलं, मी नाही.

म्हणून आता आमचा नियम: मोबाइल फक्त घड्याळापुरता, तोही एकाच मोठ्या माणसाच्या हातात, आणि इंटरनेट बंद करून. खुणा पेन्सिलीनं. बारा दहा ते बारा पंचवीस, ही पंधरा मिनिटं कुणी कुठं जायचं नाही.

२७ जुलैला शाळा भरलेली होती. पटांगणात पाइप उभा केला, सगळा वर्ग बाहेर. जुलैत सूर्य माथ्यावर यायला बारा सत्तावीस होतात. पण आभाळ गच्च! मी मनात म्हटलं, दहा मिनिटं तरी ऊन पडू दे. मग कुंपणापलीकडचं सोयाबीन दिसलं आणि माझीच मला लाज वाटली. निम्म्या मुलांच्या घरी त्या ढगांचीच वाट बघत होते. पाऊस आला, आम्ही पाइप उचलून वर्गात पळालो. म्हणून सांगते, मेची तारीख सोडू नका.

करताना एवढं सांभाळा. सूर्याकडं थेट बघायचं नाही, एक क्षणही नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही. बघायचं ते जमिनीकडं. डोक्याला रुमाल, जवळ पाण्याची बाटली, आणि मोठं माणूस सोबत. माझ्या सासूबाई म्हणतात, "लोकं उन्हात सावलीला जातात, तुम्ही सावली बघायला उन्हात जाता!" बोलायचं ते बोलल्या, पण १६ मेला आमच्यासाठी ताकाचा तांब्या त्यांनीच आणला होता.

ती मुलगी या सुट्टीत मामाकडं उदगीरला चालली आहे. नकाशा उघडून बघा, उदगीर आणि लातूर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत, म्हणजे १३ मेला तिच्याकडंही शून्य. तिथल्या मामेभावंडांना तिनं आधीच कामं वाटून दिली आहेत. वडिलांनी तिला छोटा ओळंबा दिलाय, तो पिशवीत भरून झालाय. डब्यातले पैसे आता साडेतेराशे झालेत. दुर्बिणीचं काय ते ती अजून ठरवतेय. १३ तारखेला बारा सतराला इकडं नांदेडात पट्टी घेऊन मी बसणार आहे, आणि या वेळी ती धूसर कडेच्या मध्यावर धरणार आहे. तुम्ही तुमच्या गावात काय मोजलंत, ते आकड्यांसकट पत्रानं कळवा. पाइप किती उंच होता, तेही लिहा.